भात्याचा हात

लहानपणी चारपाच वर्षं पेटी शिकलो, त्यामुळे डावा हात म्हणजे भात्याचा हात हे डोक्यात पक्कं बसलंय. वाजवायचं उजव्याने, डाव्याने हवा भरायची. त्यामुळे काही वर्षांपूर्वी रात्री जागत बसलो असताना यूट्यूबवर राव्हेल या फ्रेंच संगीतकाराचा एक पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवायची मोठी रचना) लागला, आणि वाजवणारे आजोबा उजवा हात मांडीवर ठेवून नुसत्या डाव्या हाताने अख्ख्या ऑर्केस्ट्राला पुरून उरतायत हे बघितलं, तेव्हा झोपच उडाली. आजोबांचं नाव लिऑन फ्लायशर. मग काय, पुढचे दोन आठवडे हाच उद्योग.

जन्म १९२८चा, सॅन फ्रान्सिस्को. वडील टोप्या बनवायचे. शिकवणी खरं तर थोरल्या भावाची चालायची, हा पोरगा ऐकत बसायचा आणि भाऊ खेळायला गेला की तेच वाजवून दाखवायचा, मग भावाची शिकवणी बंद आणि याची सुरू! नऊ वर्षांचा असताना नावाजलेला पियानोवादक आर्टूर श्नाबेल याने त्याला शिष्य केलं. श्नाबेल लहान मुलांना शिकवायचाच नाही, पण याला घेतलं. आणि आपल्याकडे घराणं सांगतात ना, तसं सांगायचं तर श्नाबेलचे गुरू लेशेटित्स्की, त्यांचे चेर्नी, आणि चेर्नीचा गुरू खुद्द बीथोव्हन. आता बोला.

सोळाव्या वर्षी, १९४४ला, कार्नेगी हॉलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्तो. १९५२ला ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली, ती जिंकणारा पहिला अमेरिकन. मग कंडक्टर जॉर्ज सेल आणि त्याच्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर बीथोव्हन आणि ब्राम्सचे सगळे कॉन्चेर्तो रेकॉर्ड केले, ती रेकॉर्डिंग्ज आजही लोक काढून ऐकतात. मीही ऐकली, ब्राम्सचा पहिला ऐकाच.

आणि १९६४च्या सुमारास, वय छत्तीस, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आपोआप आत वळायला लागलं. दुखणं नाही, खुपणं नाही, नुसती वळायची. तो आणखी रियाज करायला लागला, तासन् तास, आणि त्याने आणखीच बिघडलं. सेलबरोबरचा रशियाचा दौरा ठरलेला होता तो हुकला.

या दुखण्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात हे त्याला कित्येक वर्षांनी कळलं. दोष स्नायूत नसतो, मेंदूकडून जाणाऱ्या हुकुमात असतो, आणि बऱ्याचदा तो एका ठराविक कामापुरताच असतो. हे वाचलं आणि मला आमचे एक काका आठवले. कारकून होते. नारळ सोलायचे, सायकल चालवायचे, पत्ते पिसायचे, पण पेन हातात धरलं की बोटं अशी आखडायची की सही होईना. सगळं घर म्हणायचं सोंग करतायत, कामचुकार. त्यांचं नक्की काय होतं ते आता कोण सांगणार, पण लिहिताना बोटं आखडणं हा याच दुखण्याचा भाऊबंद आहे हे तेव्हा कुणाला माहीत असतं तर निदान टोमणे तरी वाचले असते. असो.

फ्लायशरने काय काय नाही केलं, इंजेक्शनं, हिप्नॉटिझम, मानसोपचार. जीव द्यायचेही विचार आले. पुढे १९९०च्या दशकात बोटॉक्सने (हो तेच, सुरकुत्यांवालं) आणि एका प्रकारच्या खोल मसाजने बोटं सैल झाली, आणि २००४ला दोन्ही हातांनी वाजवलेला अल्बम आला, त्यात शुबर्टचा शेवटचा बी फ्लॅट सोनाटा आहे. त्याच्यावर लिहिणारे सगळे इथेच जास्त रमतात, पुनरागमन वगैरे. मला मात्र मधली तीसेक वर्षं जास्त भारी वाटतात. हा माणूस बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेत शिकवत राहिला, ऑर्केस्ट्रा कंडक्ट करायला लागला. आधी तो विद्यार्थ्याला उठवून स्वतः वाजवून दाखवायचा, आता ते जमेना, मग जे हवंय ते शब्दांत सांगायला लागायचं, आणि त्यामुळे आपण जास्त चांगले शिक्षक झालो असं तो स्वतःच म्हणायचा. आमचे पेटीचे सर नेमके उलटे, काही विचारलं की "सरक" म्हणून स्वतःच वाजवायला बसायचे, आणि आम्ही माना डोलवायचो, कळलेलं काहीच नसायचं.

शिवाय डाव्या हाताचं संगीत. हे बरंचसं आलं पॉल विटगेनश्टाइनमुळे, तत्त्वज्ञ लुडविगचा भाऊ. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, पण घरी पैसा रग्गड, त्यामुळे मोठमोठ्या संगीतकारांना पैसे देऊन डाव्या हातासाठी लिहून घेतलं. राव्हेलच्यात स्वतःच फेरफार केले म्हणून भांडण, प्रोकोफिएव्हचं कळलंच नाही म्हणून वाजवलंच नाही! हिंडमिथने १९२३ला लिहून दिलेलं तर असंच घरात ठेवून दिलं, ते हस्तलिखित सापडलं थेट २००२ला, बायको वारल्यावर. आणि २००४ला बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर ते पहिल्यांदा वाजवलं कोणी, तर आपल्या फ्लायशरने. म्हणजे ज्या वर्षी दोन हातांचा अल्बम आला त्याच वर्षी. डावा हात त्याने सोडलाच नाही. २०२०ला गेला तो, ९२ वर्षांचा होऊन.

एक गोष्ट मला खूप उशिरा लक्षात आली. डाव्या हाताच्या या संगीतात मुख्य सूर बहुतेक वेळा अंगठा वाजवतो, कारण पट्ट्यांवर डावा हात ठेवला की वरच्या सुरांच्या बाजूला अंगठाच येतो, आणि तोच सगळ्यात दणकट. परवा मुलीच्या कॅसिओवर करून बघितलं. तीन बोटं खाली दाबून धरायची आणि अंगठ्याने भूपाचा आरोह, एवढंच. गंधारापर्यंत पोचलो आणि बोटं एकमेकांत अडकली. मुलगी म्हणाली, "बाबा, दुसरा हात मोकळाच आहे की तुमचा."