मशीन नाही म्हणून गोधडी अडते का?

परवा ऑफिसमधल्या मैत्रिणीचा मेसेज आला, मला क्विल्टिंग, म्हणजे आपलं गोधडीचं काम, शिकायचंय, मशीन कुठलं घेऊ? सोबत तीन मशीनचे फोटो, त्यातल्या एकात म्हणे साठ प्रकारचे टाके येतात. मी विचारलं, बाई तू आजवर काय शिवलंयस? तर म्हणाली शर्टाचं बटण. म्हणलं थांब जरा, हे उत्तर मेसेजमध्ये मावायचं नाही, लिहूनच काढते.

कारण हे सगळं मी करून बसलीये. चार वर्षांपूर्वी दसऱ्याला मोटरचं मशीन घेतलं, हार घातला, हळदकुंकू वाहिलं, शेजारी पेढे दिले आणि पहिल्याच टिपेला कापडाखाली दोऱ्याचं घरटं तयार. वरून टीप छान दिसतीये आणि खाली हा एवढा गुंता. मग बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी, काढ, परत भर, बॉबिन केस नवीन आण, तेल घाल, सुई बदल, असे पंधरा दिवस गेले. शेवटी रिपेअरवाल्या काकांना बोलवलं, ते म्हणाले मॅडम वरचा दोरा ओवताना फूट खाली असतो का तुमचा? फूट म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरतो तो. म्हणलं हो. झालं, तिथंच चुकत होतं! फूट खाली असला की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरून सैल सुटतो आणि तो सगळा सैलपणा खाली जमा होतो. गुंता खाली दिसतो म्हणून मी खालीच शोधत बसले होते. दोन मिनिटांचं काम, पण तोपर्यंत माझा उत्साह पार आटला होता. मशीनवर कव्हर गेलं आणि कव्हरवर इस्त्रीचे कपडे, ते सात-आठ महिने.

मग पावसाळ्यात भोरहून आत्या आली राहायला. आत्याला रिकामं बसवत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या कपाटातून दोन जुन्या कॉटनच्या साड्या आणि एक विरलेली चादर काढली, हॉलमधलं टीपॉय बाल्कनीत नेऊन ठेवलं आणि फरशीवर अंथरायला सुरुवात. खाली साडी, मध्ये चादर, वर साडी, चारी कोपऱ्यांवर पिठाचे डबे. आधी हातभर अंतरावर कच्चे टाके, म्हणजे थर सरकत नाहीत, आणि मग कडेपासून धावदोरा, चौकोनात फिरत फिरत आत. मी म्हणलं, आत्या, मशीनवर पटकन होईल की गं. तर म्हणे, कर की मग, कुणी अडवलंय.

मी खरंच केलं. कव्हर काढलं, दोरा (फूट वर करून!) ओवला आणि ते अख्खं धूड मशीनवर घेतलं. तेव्हा कळलं की घरगुती मशीनला सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामध्ये वीतभरसुद्धा जागा नसते. त्यातून डबलबेडच्या गोधडीची अर्धी गुंडाळी सरकवायची, उरलेली मांडीवर, थोडी खांद्यावर, आणि वजनानं सगळं खाली ओढलं जातंय. शिवाय मशीनचे दाते फक्त खालच्या कापडाला पुढे ढकलतात, वरचा थर फुटाखाली अडून मागे राहतो, मग चुण्या पडतात. यासाठी वॉकिंग फूट म्हणून वेगळा फूट मिळतो, तो वरच्या कापडालाही बरोबर पुढे नेतो, पण तो मशीनबरोबर बहुतेक वेळा येत नाही आणि मला तर तेव्हा तो असतो हेच माहीत नव्हतं. आत्या चष्म्यावरून बघत होती. म्हणाली, झालं? आता उसव.

तीन संध्याकाळी उसवलं.

तर मूळ मुद्दा, गोधडीत दोन वेगवेगळी कामं असतात आणि सगळा घोळ ती एकच समजण्यात आहे. एक म्हणजे तुकड्याला तुकडा जोडून वरचा थर करणं, आणि दुसरं म्हणजे वरचा, मधला, खालचा असे थर एकत्र शिवणं. क्विल्टिंग खरं तर या दुसऱ्याला म्हणतात, पण व्हिडिओत सगळ्यांचा जीव पहिल्यावर. जोडकामात मशीन म्हणजे देव आहे, मी नाही म्हणणार नाही. छोट्या बाळाच्या दुपट्याचा हिशोब सांगते, मीच केलेलं आहे. ५ इंची चौकोनी तुकडे, ८ आडवे आणि १० उभे, एकूण ८०. पाव इंच शिलाई दोन्हीकडून धरली की तुकडा साडेचार इंच उरतो, म्हणजे दुपटं ३६ बाय ४५. या सगळ्या जोडशिलाया मोजल्या तर जवळपास १७ मीटर भरतात. हाताने मला अर्ध्या तासाला मीटरभर होतं, म्हणजे साडेआठ तास. मशीनवर, कापणं-इस्त्री सोडून, तासाभराचा खेळ.

पण थर शिवताना आत्यासारखा बोटभर अंतरावर धावदोरा घातला, म्हणजे साधारण पाऊण इंच, तर याच दुपट्यावर ५० मीटरच्या वर शिलाई होते. आणि तिथं नवशिक्याला मशीन त्रासच देतं. हाताने ते आठवडे खातं हे खरं, पण चुकत नाही, चुणी पडायला लागली की बोटाला आधी कळतं. आणि जुन्या धुवट सुती साडीत सुई लोण्यासारखी जाते. नवीन घट्ट विणीची बेडशीट घेऊन बसाल तर बोटं सोलवटतील. सिंथेटिक साडी तर नकोच पहिल्यांदा, ती सुळसुळते, थर जागेवर राहत नाहीत.

आणि जोडकाम टाळताही येतं! कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंद नावाची गोधडी करतात, सगळी हाताने. वरचा थर आधी जोडत बसायचंच नाही, खाली साडी घ्यायची, कडेपासून एकेक तुकडा कड आत मुडपून त्यावर ठेवायचा आणि सगळ्या थरांतून धावदोरा मारत मध्याकडे जायचं. जोडणं आणि शिवणं एकाच टाक्यात. कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावतात, त्याशिवाय गोधडी पूर्ण धरत नाहीत. मी एक उशीचा अभ्रा या पद्धतीने केला, पट्टी नाही, माप नाही, मजा आली. नाहीतरी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये चौदाव्या शतकातलं सिसिलीचं क्विल्ट आहे आणि एलियास हाऊच्या शिलाई मशीनचं पेटंट १८४६ चं, तर मधली पाचशे वर्षं लोक काय थंडीत कुडकुडत होते का.

आता दुसरी बाजू, कारण हातशिलाईवाले पण कधीकधी फार सोवळ्यात असतात, मशीनला हात लागला की जणू गोधडी विटाळली. ज्यांचं मनगट दुखतं, ज्यांना जवळचं दिसत नाही, त्यांनी का सोसायचं? जीन्सचे तुकडे जोडायचे असतील तर मशीनच, हाताने करून माझं दाभण वाकलंय. आणि दर दोन दिवसांनी वॉशिंग मशीनमध्ये धुवायचं दुपटं असेल तर जोड शिलाई मशीनच्या टिपेचे असलेले बरे. आत्याने पण परवा फोनवर सांगितलं की कडेची पट्टी ती आता शेजारणीकडून मशीनवर ओढून घेते. मी म्हणलं, आत्या! तर म्हणे, वय झालं गं.

मधला रस्ता पण आहे, पुण्यात प्रत्येक गल्लीत जिन्याखाली एक ऑल्टरेशनवाले काका असतात. तुकडे कापून, ओळीला ओळ पिना लावून, नंबर टाकून त्यांच्याकडे द्यायचे. फक्त पाव इंच हे डोळ्यांसमोर मार्किंग करून सांगायचं, कारण मी तोंडी सांगितलं आणि काकांनी प्रेमाने अर्धा इंच दाब ठेवला, म्हणे पाव इंचात उसवेल मॅडम, पुढे सोडवायला लागलं तर कापड नको का. ब्लाउजचं लॉजिक! ३६ बाय ४५ चं दुपटं ३२ बाय ४० होऊन आलं. बाळ लहानच होतं म्हणून निभावलं.

मग पैसे कशावर घालायचे? मला विचाराल तर आधी कात्री, जी फक्त कापडाला वापरायची आणि घरातल्या कोणी तिने दुधाची पिशवी कापली तर भांडायचं. मग इस्त्री. मशीनपेक्षा इस्त्री महत्त्वाची हे कोणी सांगत नाही, शिलाई दाबून बसवली नाही तर हातची असो की मशीनची, कोपरे जुळत नाहीत. बाकी सुया, सुती रीळ, टाचण्या आणि मधल्या बोटाला अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी), हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत फिरलात की मिळून जातं, गाडी मात्र लांब लावा. हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटं आहे, दुकानात गोंधळ होतो. कापड विकत घेऊच नका पहिल्यांदा, घरात चार साड्या निघतात, आणि टेलरकडे कातरण मागितलं की पिशवीभर देतात. नवीन कापड घेतलंच तर आधी धुवून घ्या, गडद लाल-निळ्याचा रंग जातो आणि सुती कापड आटतं, गोधडी झाल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

आणि हे सगळं करून, एक उशी आणि एक दुपटं हाताने पूर्ण करून, जोडकामाचाच कंटाळा येतोय असं वाटलं तर घे मशीन. साधी सरळ टीप नीट मारणारं, साठ टाक्यांतले अठ्ठावन्न मी अजून बघितलेले नाहीत. माझं आता कव्हरबाहेर आहे, आठवड्यातून एकदा जोडकामाला चालतं, थर मी अजून हातानेच शिवते, टीव्ही बघत.

एवढं सगळं मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर तिचं म्हणणं, बरं मशीनचं दिवाळीत बघू. रविवारी ती चार साड्या घेऊन येतीये. फोटो पाठवलाय, त्यातली ती मोरपंखी सगळ्यात छान आहे आणि शंभर टक्के सिंथेटिक आहे, हे तिला कसं सांगावं बघते.