पाळकाचं स्थळ आलंय, हो म्हणू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर ह्या विषयावर आम्ही पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, बायका फक्त एकमेकींशीच बोलतो. प्रश्न बहुतेक वेळा आईकडून येतो. उपासना संपली की दारात सलाम करता करता हात धरून जरा बाजूला घेतात, आवाज खाली जातो, "बाई, पोरीला स्थळ आलंय, मुलगा थिऑलॉजी करतोय, पुढे पाळक होणार, द्यावी का?" आणि मुलगी स्वतः विचारणार असेल तर रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर, "आंटी, पाळकाशी लग्न करून तुम्ही खुश आहात का, खरं खरं सांगा". आता खरं खरं म्हटल्यावर एका वाक्यात कसं सांगणार, म्हणून मी आजवर "प्रार्थना कर बाळा" म्हणून वेळ मारून नेत आले. पण प्रार्थनेनंतर पण माहिती लागतेच ना.

मी नर्स आहे. माहेर-सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं, तोंडात बसायला वेळ लागतोय). अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केलं, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांमधे एक मास्तर, एक नर्स आणि एक पाळक असं निघतंच. तरी पाळकाचं घर बाहेरून बघणं वेगळं आणि आत नांदणं वेगळं.

आधी घराचं सांगते, कारण मुली ते विचारतच नाहीत. ते घर तुमचं नसतं, चर्चच्या कंपाउंडमधलं, मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांचं असतं, आणि मंडळीला ते पक्कं माहीत असतं. आमचं आत्ताचं घर म्हणजे मिशनच्या काळातल्या बंगल्याचा अर्धा भाग, उंच छत, जाड दगडी भिंती, उन्हाळ्यात एकदम गार, पण बाथरूमचा नळ गळायला लागला की तो विषय पंच कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांच्या मीटिंगला जातो, तिथे कबरस्तानाच्या भिंतीनंतर आणि माईकच्या दुरुस्तीआधी आमच्या नळाचा नंबर, तोपर्यंत खाली बादली. शेवटी मीच प्लंबर बोलावते, पैसे देते आणि गप्प बसते. किचनला कुठला रंग मारला ह्यावरही चार लोकांचं मत असतं. "आधीच्या बाई काय छान ठेवायच्या घर" हे प्रत्येक गावात ऐकलंय, आणि मी सोडून आलेल्या गावात नवीन बाईंना माझ्याबद्दल हेच ऐकवत असणार ह्याची मला खात्री आहे.

मग बदली. बिशपसाहेबांचं पत्र आलं की मुलांचे दाखले, गॅस, आधारचा पत्ता, सगळं नव्याने. माझ्या माळ्यावर मिक्सरचं, टीव्हीचं, फॅनचं ओरिजिनल खोकं अजून आहे, मी एकही खोकं टाकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिटायर झाल्यावर हे घर सोडावं लागतं. आयुष्यभर बंगल्यात राहिलेला पाळक साठीनंतर भाड्याची खोली शोधत फिरतो हे मी जवळून पाहिलंय. त्यामुळे लग्न झाल्या झाल्या गुंठाभर जागेसाठी पैसे बाजूला टाकायला लागायचं. "प्रभू पुरवील" हे खरंच आहे, पण प्रभूने मला डोकं आणि रिकरिंग डिपॉझिट पण दिलंय.

पगाराचा आकडा लिहिणार नाही, ह्यांना आवडणार नाही. थोडा असतो एवढंच धरून चाला. खेड्यावर होतो तेव्हा पैशाची ओढाताण होती पण डबे भरलेले असायचे, कुणी बाजरी आणून टाकायचं, कुणी पदरात अंडी घेऊन यायचं. कापणीचा सण तर बघण्यासारखा. सुगी झाली की लोक पहिलं पीक घेऊन चर्चला येतात, ज्वारीच्या गोण्या, ऊस, शेवग्याच्या शेंगा, पाय बांधलेल्या कोंबड्या (ज्या नेमक्या उपदेश सुरू झाला की ओरडतात), आणि उपासना झाली की बाहेर झाडाखाली लिलाव. एकाने डांगर घ्यायचं, पैसे द्यायचे आणि तिथेच "परत देवाला" म्हणून ठेवून द्यायचं, मग दुसऱ्याने बोली लावायची. एकेक डांगर असं कितीदा विकलं जातं, बाजारात पन्नास रुपयाला न जाणाऱ्या डांगराचे हजारो होतात. आणि शेवटचा घेणारा मोठ्या मनाने म्हणतो, "साहेबांच्या घरी पोचवा". मग आठवडाभर डांगराची भाजी, डांगराचं भरीत, डांगराचे घारगे. माझी मुलं अजून डांगर दिसलं की ताट उचलून पळतात.

स्वयंपाकघराचंच निघालंय तर प्रभुभोजनाचं पण सांगते, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत सगळ्यांना भाकर आणि द्राक्षरस देतात ते. आमच्याकडे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी. शनिवारी द्राक्षांचा रस मी करते, सीझनला काळी द्राक्षं, एरवी काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, पांढऱ्या फडक्यातून गाळून, थोडी साखर. फडकं वेगळं, पातेलं वेगळं, त्यात दुसरं काही करत नाही. बाटलीवर कागद चिकटवायचा "हात लावू नये", तरी एकदा मुलाच्या मित्राने सरबत म्हणून पेलाभर ढोसलं होतं. ब्रेडच्या कडा काढून बारीक चौकोनी तुकडे करायचे, त्या कडांचा सोमवारी सकाळी कांदा-मोहरी घालून चिवडा होतो. आणि उपासनेनंतर ते सगळे छोटे छोटे पेले हाताने विसळायचे. लोकांना वाटतं पाळकाची बायको फार मोठमोठ्या प्रार्थना करत असेल. मी माझ्या निम्म्या प्रार्थना त्या पेल्यांवर केल्यात, एकेक पेला धुताना एकेक घर डोळ्यापुढे येतं, ह्याची नोकरी, तिची सोनोग्राफी. गुडघे टेकून बसले तर झोप लागते, नाईट ड्युटीचा परिणाम.

बरं, भांडणं होतात का. होतात हो! नुसती होत नाहीत, हळू आवाजात होतात, कारण कंपाउंडमधे चर्चच्या सेवकाचं घर दहा पावलांवर आहे. शास्त्रात राग सूर्य मावळायच्या आत सोडावा असं सांगितलंय, आमच्याकडे शनिवार-रविवारची सूट घेतलेली आहे. शनिवारी संध्याकाळी ह्यांच्या डोक्यात उपदेश असतो, तेव्हा कुठलाही विषय काढायचा नाही, लाईट बिलाचा पण नाही. रविवारी हे कामावर. म्हणून जे काय असेल ते सोमवारी. सोमवार आमचा. त्या दिवशी मयत किंवा हॉस्पिटल सोडून बाकी सगळ्याला उद्या या. हे बसवायला आम्हाला बरीच वर्षं लागली आणि काही लोक नाराज झाले ते झालेच.

भांडणाचं कारण विचाराल तर पैसा नाही, सासू नाही, वेळ. रात्री साडेनऊला एक जोडपं येतं, दोघांची तोंडं दोन दिशेला, हे हॉलमधे बसून तिचं दोन तास शांतपणे ऐकून घेतात, मधे एकदा पण फोन बघत नाहीत, मी आत भाजी दुसऱ्यांदा गरम करतेय आणि मनात म्हणतेय, ह्यातली पंधरा मिनिटं मला द्या की. एकदा तर मी खरंच ऑफिसच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि म्हटलं, साहेब, नवऱ्याबद्दल तक्रार आहे, ऐकता का. हसले, पण ऐकलं.

आणि त्या हॉलमधे जे बोललं जातं ते मला कळत नाही. हे सांगत नाहीत आणि मी विचारत नाही, ही दुसरी गोष्ट जी आधी माहीत पाहिजे. बाजारात एखादी बाई माझ्याशी नजर चोरते, तिला वाटतं मला सगळं माहीत असणार. मला काहीच माहीत नसतं. ज्या बाईला नवऱ्याकडून घरी आल्यावर दिवसभराचं सगळं ऐकायची सवय हवीय तिला हे जड जाईल. मला सुरवातीला राग यायचा. पण मी वॉर्डातलं घरी सांगत नाही, मग हे चर्चमधलं मला का सांगतील, असं म्हणून सोडून दिलं.

मुली अजून एक विचारतात, जरा घाबरत, "आंटी, ते अधीन राहायचं असतं ना?" बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय, प्रत्येक लग्नात वाचला जातो, आणि वाचताना मागच्या बाकांवरचे काका जरा ताठ बसतात. माझं सांगणं, बाविसाव्या वचनापासून सुरू करू नका, एकविसावं पण वाचा. तिथे सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन असावं असं आहे. आणि पंचविसाव्यात नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर, म्हणजे सरळ जीव द्यायचं काम सांगितलंय, त्यापुढे मला सांगितलेलं सोपंच आहे. मुलगा बघायला येईल तेव्हा त्याला हा अध्याय समजावून सांगायला सांगा. कुठून सुरू करतो ते बघा. एवढ्यात निम्मा इंटरव्ह्यू होतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना तर ह्यात लाजायचं काही कारणच नाही, लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त सगळं आधीच लिहून ठेवलंय. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा, मधली वर्षं त्या माऊलीने कशी काढली असतील. आणि पुढेही टिळक म्हणजे हातात आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे होणारे, घर कसं चालवायचं ते बाईंनी बघायचं. टिळकांची गीतं आपण अजून पेटी-तबल्यावर म्हणतो आणि डोळ्यात पाणी येतं, बरोबरच आहे, पण मला त्या गीतांमागे कुठेतरी रिकाम्या डब्यात हात घालणाऱ्या लक्ष्मीबाई दिसतात. तरी त्यांच्या लिहिण्यात रडगाणं नाही, नवऱ्याची थट्टा आहे आणि खूप प्रेम आहे.

नोकरी सोडू नकोस. हे मी जरा जोरात सांगते. "पाळकीणबाईंनी महिला मंडळ बघावं, शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग) बघावी, पेटी यायला हवी" असं लोक म्हणतील, प्रेमानेच म्हणतील. मंडळीने पाळक म्हणून ह्यांना घेतलंय, मला नाही. मला जमतं तेवढं मी आवडीने करते, शब्बाथ शाळा मला मनापासून आवडते, पण रविवारी सकाळची शिफ्ट लागली तर मी वॉर्डात असते आणि लोक म्हणतात, "बाई दिसल्या नाहीत आज". पेशंटला रविवार कळत नाही. आता आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बायकाही पाळक होतात, त्यांच्या नवऱ्यांना कुणी विचारतं का, की तुम्हाला पेटी येते का, महिला मंडळाला चहा कोण करणार?

मुलांचं थोडक्यात. पाळकाची पोरं म्हणून त्यांच्याकडे जरा जास्तच बघितलं जातं, दुसऱ्यांच्या मुलाने उपासनेत चुळबुळ केली तर लहान आहे, आमच्याने केली तर "घरी काय शिकवतात". नाताळला पण तसंच, चोवीसच्या रात्री कॅरोलवाले शेवटी आमच्याकडे येतात, मोठ्या पातेल्यात चहा, करंज्या, शेव, सगळं कंपाउंड जागं, आणि आमचा स्वतःचा नाताळ सव्वीसला दुपारी झोप काढून झाल्यावर.

मग चांगलं काय आहे असं वाटेल. आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला फोन आला, एक आजोबा गेले. हे निघाले, मी पण निघाले, ड्युटी नव्हती. घरात सगळे सैरभैर. हे आजींजवळ जमिनीवर बसले, काही बोलले नाहीत, नुसता त्यांचा हात धरून. मी आजोबांना स्वच्छ केलं, जबड्याला फडकं बांधलं, हातपाय सरळ केले, ते मला येतं. मग ह्यांनी तेविसावं स्तोत्र म्हणायला सुरवात केली आणि आजींनी मधेच पुढची ओळ स्वतःच घेतली, सगळं पाठ त्यांना. घरातली सून चहा ठेवायला उठली. आम्ही पहाटे परत आलो तेव्हा दोघंही दमलेलो, हे म्हणाले, "तू होतीस म्हणून बरं झालं". असा नवरा आणि असं काम एकाच दारातून घरात येणं, हे मला दुसऱ्या कुठल्या स्थळात मिळालं असतं असं वाटत नाही. त्यासाठी मी गळका नळ चालवून घेते.

तेव्हा मला मेसेज केलेल्या मुलीला एवढंच, त्याचा उपदेश ऐकून हो म्हणू नकोस, स्टेजवर सगळेच चांगले दिसतात. त्याच्या आईशी तो कसा बोलतो ते बघ. त्याला विचार, माझी नाईट असेल तेव्हा भाकरी कोण करणार, तुला येते का. विचार, रिटायर झाल्यावर कुठे राहायचं. विचार, आठवड्यातला कुठला दिवस आपला, आणि त्या दिवशी पंच कमिटीचा सेक्रेटरी दारात आला तर काय सांगशील. वैतागला तर वैतागू दे, आत्ताच कळलेलं बरं. हसून विचारात पडला तर मला फोन कर, पुढचं बोलू, फक्त सोमवारी करू नकोस.