केळीच्या खांबातून धागा काढताना

एका केळीच्या झाडाला घड एकदाच येतो. घड उतरला की खांब कापायचा आणि बांधावर टाकायचा. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर भागात हे ढीग बघतच मी मोठी झाले, त्यामुळे मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी दुसरा विषय मनात आलाच नाही. खांबातून धागा काढायचं मशीन. अशी मशिन्स बाजारात मिळतात. आम्हाला मळ्यातल्या सिंगल फेजवर चालणारं हवं होतं. टीम चौघांची, लीडर मी.

रचना साधी आहे. फिरत्या ड्रमवर लोखंडी अँगलची पाती आणि समोर एक स्थिर पट्टी. सोपट, म्हणजे खांबाचा सुटा केलेला एक थर, मधे धरलं की गर खरवडून निघतो, हातात धागा उरतो. सगळी मेख त्या फटीत. फट मोठी तर गर चिकटून राहतो, लहान तर धागाच तुटतो. आम्ही एका सोपटाची जाडी व्हर्नियरने मोजून फट पक्की वेल्ड केली आणि तिथेच चुकलो. बाहेरचं सोपट जाड, आतलं कोवळं. बाबा बघून एवढंच म्हणाले, "अगं, खांब काय पाइप आहे का?" वेल्ड कापला, पट्टीला लांबट भोकं पाडली, बोल्ट सैल करून ती मागेपुढे सरकेल अशी केली.

मग थरथर. मोटर पूर्ण वेगात आली की अख्खी फ्रेम फरशीवर सरकायची. वेग दुप्पट झाला की असमतोलाचं बळ चौपट होतं, हे पेपरात मी कितीदा लिहिलं होतं; पायाखाली जाणवलं ते तेव्हा. ड्रम शाफ्टसकट दोन सपाट पट्ट्यांवर ठेवला आणि अलगद फिरवून सोडला. दरवेळी तीच बाजू खाली येऊन थांबायची. समोरच्या बाजूला एकेक नट वेल्ड करत गेलो. चौथ्या नटानंतर ड्रम सोडू तिथे थांबायला लागला. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि आम्ही चौघं ओरडलो.

लीडर म्हणून सर्वात जड गेलेला निर्णय डेमोच्या आदल्या दिवशीचा. मशीन चालत होतं, पण तोंडाला गार्ड नव्हतं. सोपट हाताने आत धरावं लागतं, पाती बोटांपासून वीतभर. टीममधला एकजण म्हणाला, "एक दिवसाचा प्रश्न आहे, सांभाळून करू." मी नाही म्हणाले, सरांकडून तारीख पुढे मागून घेतली. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नंतर गार्डचा पत्रा त्यानेच वाकवून आणला, कडा घासून गुळगुळीत करून.

मळ्यातल्या ट्रायलला आमच्या शर्टांवर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले, ते अजून गेलेले नाहीत. खांबात बहुतेक पाणीच असतं. ढीगभर सोपटांतून धागा निघाला मूठभर. आईने ती जुडी धुऊन तारेवर वाळत टाकली. आता ते पाणी बेअरिंगमध्ये शिरतंय, त्याचं सील बदलण्याचं काम ज्युनिअर मुलांनी हाती घेतलंय.