कार्डिफमधलं वाचनालय आणि आपली कुलपं

इथं कार्डिफला, म्हणजे वेल्सच्या राजधानीत, सार्वजनिक वाचनालयात नाव नोंदवलं तेव्हा अनामतही मागितली नाही, वर्गणीही नाही. पुस्तकं फुकट द्यायची हे १९६४च्या कायद्यानेच इथल्या पालिकांवर बंधन आहे. साताऱ्याला काकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "अगं, आपला कायदा १९६७चा. तीनच वर्षं मागं!" खरं आहे. पण आपलं सरकार वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग पाडून अनुदान देतं आणि बाकीचं वर्गणीवर भागवावं लागतं. तेवढ्या पैशात गावोगावी वाचनालयं उघडी ठेवणाऱ्यांना इथं कुणी नावं ठेवली तर मी ऐकून घेत नाही.

मला सलतं ते आपल्या वाचनालयांतल्या कपाटाचं कुलूप. टेबलाच्या अलीकडून आपण पुस्तकाचं नाव सांगायचं, पलीकडून ते काढून देणार. कादंबऱ्यांची नावं कानावर पडलेली असतात. पण लेखसंग्रह, प्रवासवर्णन, पक्ष्यांवरचं एखादं रसाळ पुस्तक, यांची नावं कोण सांगणार? ती हाताने चाळतानाच सापडतात. इथं पुस्तकं विषयाच्या क्रमांकाने लावलेली; कण्यावर ८२४ची चिठ्ठी दिसली की इंग्रजी निबंध सुरू. एक काढावं, दोन पानं उभ्यानंच वाचावीत, नाही जमलं तर शेजारचं घ्यावं. ५९८ला पक्षी. कथा-कादंबरीपलीकडे एवढं गोड वाचायला असतं, हे मला त्या मांडणीने दाखवलं.

इरावती कर्व्यांचं 'युगान्त'सुद्धा मी इथंच वाचलं, ओळखीच्या मराठी घरातून आणून. गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्यावरचे ते लेख रात्री जागून संपवले. साताऱ्यात नोकरी, घर, पाहुणे यांतून तेवढी सवड मला मिळालीच नसती, हे कुणी काही म्हणो.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. वेल्समधल्या 'हे-ऑन-वाय' या गावावरून कल्पना घेऊन २०१७मध्ये आपलं सातारा जिल्ह्यातलं भिलार पुस्तकांचं गाव झालं. पण हे-ऑन-वायची ख्याती पुस्तकांच्या दुकानांची. भिलारची माणसं आपल्याच घरात बसवून फुकट वाचू देतात, कुठल्या घरात कुठला साहित्यप्रकार तेही ठरलेलं. याबाबतीत आपण वेल्सच्या पुढं आहोत.

मग साताऱ्या-सांगलीच्या वाचनालयांनी निबंध, चरित्रं, प्रवासवर्णनं यांचं एक तरी कपाट उघडं ठेवायला काय हरकत आहे? काका म्हणतात, पुस्तकं चोरीला जातील. जातील की दोन-चार. इथंही जातात. कपाटं तरी उघडीच आहेत.