शंभर बटणं आणि गोवर

वॉशिंग्टनमधलं मेरियन कॉशलंड विज्ञान संग्रहालय २००४ साली उघडलं, २०१७ साली बंद झालं. तिथे हवामानबदल, डीएनए, संसर्गजन्य रोग यांवरचं ताजं संशोधन मांडून विचारायचे, आता तुम्ही काय ठरवाल?

त्यातला लसीकरणाचा मुद्दा बटणांवर मस्त कळतो. पुठ्ठ्यावर दहा गुणिले दहा घरं आखा. ९० काळी बटणं लस घेतलेली, १० पांढरी न घेतलेली. पांढऱ्यांच्या मागे नेलपॉलिशचा ठिपका द्या, नाहीतर उलटलेलं ओळखू येत नाही. न बघता मांडा आणि एक पांढरं उलटा: हा रुग्ण. फेरीगणिक प्रत्येक उलटलेल्याला खेटलेल्या आठ घरांतली पांढरी उलटतात. साथ बहुधा एक-दोन फेऱ्यांत विझते. आता तीच दहा एका कोपऱ्यात चिकटून लावा. सगळी उलटतात, आणि टक्का तोच, ९०! तालुक्याची सरासरी बघून निर्धास्त होणारे इथेच फसतात.

पुठ्ठ्यावर शेजारी आठच, ही सवलत बरं का. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देतो. १५ धरले तर १ वजा १/१५, म्हणजे सुमारे ९३ टक्के लोक सुरक्षित हवेत. दोन डोसांनीही संरक्षण साधारण ९७ टक्केच मिळतं, म्हणून लक्ष्य किमान ९५.