मॅथर पॉइंटवरून मागे फिरताना

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, मॅथर पॉइंटच्या कठड्याशी जेमतेम पोहोचलेल्या माझ्या गटाला मी बसमध्ये परत नेऊन बसवले, आणि त्यानंतर त्या जागी वीज पडली नाही. जुलैअखेरची ती दुपार त्यामुळेच माझ्या डोक्यातून जात नाही.

मी टूर मॅनेजर आहे. लास व्हेगासहून ग्रँड कॅन्यन ही आमच्याकडे एका दिवसाची सहल असते. पुष्कळ कंपन्या जवळचा पश्चिम कडा दाखवतात. तो हुआलापाई या मूलनिवासी अमेरिकी लोकांच्या भूमीत आहे, राष्ट्रीय उद्यानात नाही, हे प्रवाशांना आधी स्पष्ट सांगायला हवे असे माझे मत आहे. दक्षिण कडा सुमारे ४५० किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन नऊ तास मोडतात आणि अमेरिकी नियमानुसार प्रवासी बसच्या चालकाला दहा तासांहून अधिक गाडी चालवता येत नाही. सकाळी नाश्ता करून निघाले की जेवण उरकून कड्यावर यायला दुपारचा दीड वाजतो, आणि ॲरिझोनाच्या पावसाळ्यात ढग नेमके त्याच सुमारास चढतात. कार्यक्रम आखणाऱ्यांनी एकदा तरी त्या वेळी तिथे येऊन उभे राहावे.

आपल्याकडे आभाळ भरून येते, अंधारते, मग गडगडते. तिथे डोक्यावर लख्ख ऊन होते. दूर उत्तर कड्यावर ढगांतून सुटलेल्या करड्या सरी जमिनीला टेकण्याआधीच कोरड्या हवेत विरत होत्या. वीज मात्र पावसापासून कित्येक किलोमीटर दूरही पडते, आणि समुद्रसपाटीपासून २१०० मीटरांहून उंच, दरीत पुढे आलेल्या उघड्या खडकावर धातूचा कठडा धरून उभे राहण्याइतके धोक्याचे दुसरे काही नाही. लखलखाट दिसला की मी सेकंद मोजू लागतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की कडा सोडायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिकडे फिरकायचे नाही. चाळीस, चौतीस, मग एकदम बावीस. मी सर्वांना मागे बोलावले.

एक काका हलेनात. ते निवृत्त भूगोल शिक्षक. नदीलगतच्या घळीतला काळपट 'विष्णू शिस्ट' खडक, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यावर थेट टेकलेला ५० कोटी वर्षांपूर्वीचा तपकिरी वालुकाश्म ते काकूंना बोटाने दाखवत होते. मधल्या १२० कोटी वर्षांच्या खडकांचा त्या जागी मागमूस नाही.

"अहो, आयुष्यभर फळ्यावर काढली ही रेघ. पाच मिनिटं थांबा."

"काका, आत्ता नाही. काकूंना घेऊन आधी बसमध्ये चला." माझा आवाज चढला होता. ते आले, पण परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलले नाहीत.

अर्धा तास मोजायला घ्यावा आणि पुन्हा गडगडावे, असे चालले होते. दुसऱ्या एका गटाचे लोक कठड्याशी खुशाल फोटो काढत होते आणि आमचे लोक काचेतून ते पाहत होते. चालकाच्या १५ तासांच्या ड्यूटीच्या मर्यादेमुळे साडेचारला आम्हाला निघावेच लागले.

फीडबॅक फॉर्मवर अनेकांनी 'विनाकारण घाई' असे लिहिले. कार्यालयाने खुलासा मागितला. मी नियम लिहून पाठवला आणि सोबत मागणी केली की, पावसाळ्यातील गटांना कड्यावर एक मुक्काम द्यावा, म्हणजे सकाळी ढग जमण्याआधी निवांत पाहता येईल. माणशी खर्च वाढतो, असे उत्तर आले. तो खर्च काकांनी आनंदाने दिला असता. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.