पाण्यातली बँक आणि बाबांचं घड्याळ

साचलेली सगळी कामं एकाच फेरीत उरकायची असं ठरवून मी त्या दिवशी सकाळीच बाहेर पडले. चिठ्ठीवर सहा कामं होती: बँक, पोस्ट, किल्ली, चष्मा, औषधं आणि घड्याळ. क्रम रस्त्याप्रमाणे लावला होता. घड्याळाचं दुकान परतीच्या वाटेवर, म्हणून ते शेवटी.

सगळ्यात जास्त वेळ बँकेत गेला. बाबांचा एक चेक सही जुळत नाही म्हणून परत आला होता. गेली दोन वर्षं त्यांचा हात थरथरतो. त्यांची सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून पाहत आले आहे: शेवटच्या अक्षरातून मागे ओढलेली लांब रेघ आणि तिच्याखाली दोन ठिपके. आता ती रेघ मध्येच तुटते. माझा टोकन नंबर ६४ होता आणि फलकावर ४१ चालू होता, म्हणजे बसून विचार करायला भरपूर वेळ. नंबर आल्यावर खिडकीतल्या बाईंनी पडद्यावरची जुनी सही पाहिली, चेकवरची पाहिली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, या दोन सह्या एकाच माणसाच्या आहेत असं मी कशाच्या जोरावर म्हणू?" मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. त्या सहीवर लक्ष ठेवतात म्हणूनच बाबांचे पैसे सुरक्षित आहेत.

मग फॉर्म. फोटो, ओळखीचा कागद आणि नवीन सहीचा नमुना, तोही अधिकाऱ्यासमोर केलेला. बाबांना जिने चढवत नाहीत म्हटल्यावर आधी नकार आला. आतल्या साहेबांना भेटल्यावर घरी माणूस पाठवायचं कबूल झालं, पुढच्या आठवड्यात. त्या साहेबांनी एक गोष्ट सांगितली ती कुणाच्याही उपयोगी पडेल. नमुना देताना म्हाताऱ्या माणसाला जुनी, तरुणपणीची सही काढायचा आग्रह करू नये. आज हाताला जी सहज येते तीच द्यावी, कारण यापुढे प्रत्येक चेकवर तीच येणार आहे. ऐकायला साधं आहे. पण घरी जाऊन बाबांना हे कसं सांगायचं, या विचाराने मला पुढचं काही सुचेना.

पोस्टातलं काम पाच मिनिटांचं होतं. किल्लीवाल्याकडे मात्र मी मुद्दाम थांबून राहिले. त्याने जुनी किल्ली आणि कोरी किल्ली यंत्रात शेजारी शेजारी आवळल्या. एका बाजूची सुई जुन्या दातांवरून चढत-उतरत होती, दुसऱ्या बाजूचं चाक तेच चढ-उतार कोऱ्या पितळेवर कोरत होतं. नंतर कानशीने कडा घासून त्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा ती कोमट होती. चष्म्याचा स्क्रू बसवून मिळाला, औषधं मिळाली. वाटेत दोन माणसं कपाटाचा भला मोठा आरसा आडवा धरून रस्ता ओलांडत होती, त्यांच्यासाठी मी बाजूला झाले. घड्याळाच्या दुकानाशी पोचले तर शटर खाली. चिठ्ठीवरच्या पाच कामांवर रेघ मारली आणि घड्याळ पर्समध्ये तसंच घेऊन घरी आले.

ते बाबांचं चावीचं घड्याळ. रोज सकाळी दात घासून झाले की ते त्याला चावी देत. बोटं ऐकेनाशी झाल्यावर चावी राहू लागली, मग घड्याळच बंद पडलं. गेले चार-पाच दिवस ते संध्याकाळी मला विचारत, "घड्याळ दिलंस का?" त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.

पहाटे स्वप्न पडलं.

मी बँकेत होते आणि बँकेत गुडघाभर पाणी होतं. स्वच्छ, थंड, तळाची फरशी दिसेल असं. सगळे आपापल्या खुर्च्यांवर शांत बसलेले, पाण्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. माझ्या हातातल्या टोकनवर ६४ होता. वर फलकाकडे पाहून पुन्हा टोकन पाहिलं तर त्यावर तुटकी रेघ आणि दोन ठिपके होते. खिडकीत माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई. त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि सही करायला सांगितलं. हातात पेन नव्हतं, किल्ली होती. ती मी कागदावर टेकवली तशी ती आत गेली आणि फिरली. कागद दारासारखा उघडला. आत बाबांचं घड्याळ टिकटिकत होतं, इतक्या मोठ्याने की पाण्यावर तरंग उठत होते. बाईंनी चष्मा काढला आणि बाबांच्या आवाजात विचारलं, "दिलंस का?" मला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडेना.

जाग आली तेव्हा पावणेपाच वाजले होते.

काही वर्षांपूर्वी स्वप्नं लिहून ठेवायचा प्रयत्न करताना एक सवय लागली होती, ती इथे कामी आली. जाग आली की कूस बदलायची नाही, डोळे उघडायचे नाहीत, फोनकडे हात न्यायचा नाही. शेवटचं चित्र धरायचं आणि तिथून मागे मागे जायचं. मी "दिलंस का?" पासून सुरुवात केली. त्याच्या आधी घड्याळ, त्याच्या आधी उघडणारा कागद, मग किल्ली, मग टोकन. पाणी सर्वांत शेवटी हाती लागलं, खरं तर ते सगळीकडे होतं. उलट्या दिशेने दोनदा फिरून आल्यावरच उठले आणि उशाजवळच्या वहीत लिहिलं, तेही पूर्ण वाक्यांत नाही, नुसते शब्द. वाक्यं करायला बसलं की मन आपोआप त्यात कारणं घालू लागतं आणि खरं स्वप्न निसटतं.

पहाटेचीच स्वप्नं का आठवतात, यालाही कारण आहे. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी, बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात असा एक काळ येतो. रात्रीच्या पहिल्या फेरीत तो जेमतेम काही मिनिटांचा असतो, पहाटेकडे अर्ध्या तासापर्यंत किंवा जास्तही लांबतो. युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी शिकागो विद्यापीठात बुबुळांची ही हालचाल टिपली आणि १९५३ साली प्रसिद्ध केली. ॲसेरिन्स्कीने सुरुवातीच्या नोंदींसाठी आपल्या लहान मुलालाच यंत्राला जोडून झोपवलं होतं. या झोपेतून उठवलेली माणसं बहुतेक वेळा स्वप्न सांगू शकतात, असं दिसून आलं. ठसठशीत स्वप्नं इतर वेळीही पडतात, पण सर्वाधिक इथेच. या काळात शरीराचे बहुतेक स्नायू सैल सोडलेले असतात, नाहीतर माणूस स्वप्नातल्या हालचाली अंथरुणातच करू लागेल. तोंड उघडेना, ते कदाचित यामुळे असेल, कदाचित नुसत्या अपराधीपणामुळे. मला दोन्ही खरं वाटतं.

त्याच दिवशी दुपारी वही घेऊन बसले आणि एकेका शब्दापुढे तो कुठून आला ते लिहू लागले. टोकन, किल्ली, चष्मा, सही, सगळं कालचं. आदल्या दिवसाच्या अशा तुकड्यांना मनोविश्लेषक फ्रॉइडने दिवसाचे अवशेष म्हटलं होतं आणि लक्षात घ्यावं असं त्याने सांगितलं ते हे की स्वप्न बरेचदा बिनमहत्त्वाचे तुकडे उचलतं. आपल्याकडे म्हणतात, मनी वसे ते स्वप्नी दिसे. माझ्या वहीत ते अर्धंच जुळलं. साहेबांशी झालेली हुज्जत, जिने मला दिवसभर छळलं, ती स्वप्नात कुठेच नव्हती. आरसाही आला नाही, आणि तो येईल अशी मी पैज लावली असती. आली ती मी निवांत उभी राहून पाहिलेली किल्ली.

टोकनवरचा आकडा बदलला त्याचं मला नवल वाटलं नाही. स्वप्नात वाचलेला मजकूर नजर फिरवून पुन्हा पाहिला तर बरेचदा बदललेला असतो. आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच ओळखायला शिकणारी माणसं हीच खूण वापरतात. गणिताच्या बाईही सापडल्या: त्या वही तपासताना माझ्या उत्तराकडे आणि पुस्तकाकडे अशाच आळीपाळीने पाहत, जशा बँकेतल्या बाई सहीकडे पाहत होत्या.

पाणी मात्र कशातच बसेना. बँक कोरडी होती, पाऊस नव्हता, दिवसभरात मी कुठे पाण्याजवळही गेले नव्हते. वही मिटून ठेवली. रात्री भांडी पुसताना आठवलं. सहा दिवसांपूर्वी गच्चीवरची टाकी भरून वाहिली होती आणि पाणी जिन्यावरून आमच्या दारापर्यंत आलं होतं. बाबा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते आणि मी फरशी पुसत होते. त्याच वेळी त्यांनी ते बंद घड्याळ पहिल्यांदा माझ्या हातात दिलं होतं, "खाली पाण्यात पडायला नको, तूच ठेव. आणि दुरुस्तीला टाक." स्वप्नावर काम करणाऱ्या काही संशोधकांना असं आढळलं आहे की आदल्या दिवसाचे धागे स्वप्नात येतात, मधले दिवस ते विरळ होतात आणि पाच ते सात दिवसांपूर्वीचे पुन्हा डोकं वर काढतात. मी मोजले. बरोबर सहा.

अपुरं राहिलेलं काम मनात जास्त टिकतं, असं मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निकने १९२७ साली मांडलं होतं. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत ते तितकं ठामपणे दिसलं नाही, म्हणून त्यावर मी फार भार देत नाही. अपुरं काम तर अनेकांचं असतं. माझ्या बाबतीत टोचत होतं ते हे, की बाबांनी विचारलं नाही. त्यांनी मान्य करून टाकलं होतं की मी विसरले.

म्हणून त्या रात्रीच त्यांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, "बाबा, काल गेले होते. दुकान बंद होतं. उद्या परत जाते." ते म्हणाले, "मला वाटलं तुझ्या डोक्यावर आधीच फार ओझं आहे, म्हणून नाही विचारलं." मग सहीचंही बोलणं निघालं. आता जशी येते तशीच करायची, असं म्हटल्यावर ते बराच वेळ हाताकडे पाहत राहिले. मी वहीचं एक पान आणि पेन दिलं. त्यांनी पाच सह्या केल्या. पाचही एकमेकींसारख्या होत्या, रेघ पाचही वेळा त्याच ठिकाणी तुटली होती. दोन ठिपके होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडं होतं. दुरुस्ती करणारे काका माझ्या बाबांच्याच वयाचे असावेत, पण हात स्थिर. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "काही तुटलेलं नाही. तेल सुकलंय." चालू असताना असं घड्याळ सेकंदाला पाच टिक करतं, तासाला अठरा हजार, त्यांनी सांगितलं. सुकलेल्या तेलात ते चाक किती दिवस ओढत राहणार? मग त्यांनी झाकण उलटं करून मला दाखवलं. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या, एकाखाली एक. प्रत्येक दुरुस्तीला ज्याने घड्याळ उघडलं त्याने आपली खूण आणि तारीख आत कोरून ठेवलेली. चार होत्या. सगळ्यांत जुनी माझ्या जन्माच्या आधीची.

मी बाबांना फोन लावला आणि चारही तारखा वाचून दाखवल्या. दुसरीपाशी त्यांनी मला थांबवलं. तेव्हा ते कुठे राहत होते, घड्याळ कसं पडलं, दुरुस्तीचे पैसे कुणाकडून उसने घेतले, सगळं सांगत बसले. काका भिंग कपाळावर सरकवून, हातात सुई घेऊन, त्यांचं बोलणं संपायची वाट पाहत थांबले होते.